खऱ्या मँचेस्टरची नगरपालिका

मँचेस्टर

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

काल संध्याकाळी सेंट ॲन्स चौकात रिचर्ड कॉब्डेनच्या पुतळ्यापाशी थांबलो आणि तुझी आठवण आली. आपल्या इचलकरंजीला सगळे महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. २०२२ मध्ये तिथे महानगरपालिका झाली, तेव्हा फोनवर तू किती भरभरून बोलला होतास! या खऱ्या मँचेस्टरला स्वतःचा कारभार कसा मिळाला, ते तुला सांगायचं राहूनच गेलं.

१८३० च्या सुमारास हे गाव जगाला कापड पुरवत होतं. वस्ती दीड लाखाच्या घरात, आणि कारभार मात्र जहागिरीचा! मालक सर ऑस्वाल्ड मोझली. त्यांच्या पूर्वजाने १५९६ मध्ये ही जहागीर साडेतीन हजार पौंडांना घेतलेली. बाजाराचे हक्क त्यांचे, आणि गावचा प्रमुख नेमायची ती त्यांच्याच जहागिरीची कचेरी. हीच कचेरी पूर्वी दारू चाखून तपासणारे आणि मोठ्या कुत्र्यांना मुसकी बांधली आहे की नाही ते बघणारेही नेमायची.

कॉब्डेन ससेक्सच्या शेतकऱ्याचा मुलगा, इथे छापील कापडाच्या धंद्यात आलेला. त्याला या कचेरीत पंच म्हणून बोलावणं आलं. एका कोंदट, घाणेरड्या खोलीत मूठभर माणसं एवढ्या मोठ्या गावाचा प्रमुख ठरवतात, हे बघून तो पेटलाच. १८३५ च्या कायद्याने गावांना स्वतःच्या नगरपालिकेची सनद मागता येत होती. १८३७ मध्ये त्याने पत्रक काढलं. त्यातला पीटर्लूचा मुद्दा मला फार भिडला. १८१९ मध्ये इथल्याच मैदानात शांतपणे जमलेल्या लोकांवर घोडेस्वार घातले, किमान पंधरा माणसं गेली. कॉब्डेनचं म्हणणं, गावाची स्वतःची नगरपालिका असती तर हे घडलंच नसतं, कारण हुकूम देणाऱ्या बाहेरच्या न्यायाधीशांना इथे अधिकारच उरला नसता.

विरोधही जबर झाला. सनद मागणाऱ्यांच्या अर्जापेक्षा विरोधकांच्या अर्जावर सह्या कितीतरी जास्त पडल्या, पण तपासणीत त्यातल्या बहुतेक खोट्या निघाल्या. कामगारांतही पुष्कळजण नको म्हणत होते. गिरणीमालकांचंच राज्य येईल ही त्यांची भीती, आणि मत फक्त करदात्यांना असल्यामुळे ती खोटी म्हणवत नाही मला.

२३ ऑक्टोबर १८३८ ला सनद आली. थॉमस पॉटर पहिले महापौर झाले, कॉब्डेनही सभागृहात गेला. पण जुन्या मंडळींनी टाऊन हॉलच्या किल्ल्या सोडल्या नाहीत. सनदच बेकायदा म्हणून वाद घातला. पैसा नाही, बसायला जागा नाही. पोलीस तर १८३९ मध्ये सरकारने स्वतःच्या ताब्यात घेतले. १८४२ च्या कायद्याने सनद पक्की झाली, तेव्हा कुठे कारभार हातात आला.

तरी बाजार मोझलींचाच होता रे. १८०८ मध्ये ते सगळे हक्क नव्वद हजार पौंडांना विकायला तयार होते, गाव सत्तर हजारांवर अडून बसलं. अखेर १८४६ मध्ये नगरपालिकेने तेच हक्क घेतले, दोन लाख पौंडांना.

काकूंना नमस्कार सांग. तुझ्या मागांचं कसं चाललंय, ते सविस्तर लिही.

तुझा,
सुहास