विमानाची किंमत नुसत्या सालावर ठरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून आपल्या सोलापुरात चहाच्या टपरीवरपण विमानाचा विषय निघतो, आणि प्रत्येकजण मोटरगाडीसारखं मॉडेल कुठल्या सालचं तेवढंच विचारतो. जुन्या विमानाची किंमत काढताना साल बघतातच, पण तिथून तर खरा हिशोब सुरू होतो.

विमान किती तास उडलं आणि किती वेळा चढलं-उतरलं, हे दोन्ही वेगळं मोजतात. एक टेकऑफ आणि एक लँडिंग झालं की एक सायकल. इंजिनात फिरणाऱ्या डिस्कना सायकलचं लिमिट ठरलेलं असतं, ते भरलं की पार्ट दिसायला कितीही चांगला असू दे, काढावाच लागतो. त्यामुळे छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या विमानाचे तास कमी दिसतात पण सायकल भराभर वाढतात. इंजिन ओव्हरहॉलला किती तास आणि सायकल उरल्यात, मोठं चेकिंग कधी झालं, चाकांचा गियर कधी उघडला, हे सगळं धरून किंमत वर-खाली करतात. एकाच साली बनलेल्या दोन विमानांत त्यामुळे कोटींचा फरक पडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचे कागद. इंजिनातला असा लिमिटवाला पार्ट कारखान्यातून निघाल्यापासून आजपर्यंत कुठल्या इंजिनात होता, किती सायकल चालला, याची सलग नोंद लागते. मधल्या एका मालकाकडची नोंद गहाळ झाली तर चांगल्या पार्टलापण गिऱ्हाईक मिळत नाही.

म्हणूनच जप्त केलेली विमानं नुसती उभी करून ठेवतात तेव्हा जीव तुटतो. विजय मल्ल्यांचं एअरबस ए३१९ विमान सर्व्हिस टॅक्सवाल्यांनी जप्त केलं, २०१६ च्या लिलावात राखीव (कमीत कमी) किंमत १५२ कोटी ठेवली आणि बोली आली १.०९ कोटीची, शेवटी २०१८ मध्ये ते साधारण ३५ कोटींना गेलं. तोवर ते वर्षानुवर्षं मुंबईत उभं होतं. गो फर्स्ट ही विमान कंपनी मे २०२३ मध्ये बंद पडली, तिची भाड्याची विमानं मालकांना परत द्या असा आदेश दिल्ली हायकोर्टाकडून यायला एप्रिल २०२४ उजाडला. उभ्या विमानाला गंज लागतो, देखभाल थांबली की पुन्हा उडवायचा खर्च वाढत जातो, आणि तो खर्च घेणारा किमतीतून कापतोच.

भाड्याच्या विमानांसाठी २०२५ मध्ये नवा कायदा झाला, चांगलंच झालं. पण कर थकला म्हणून जप्त होणाऱ्या विमानांचं काय? जप्तीच्या दिवशीच लॉगबुक आणि इंजिनाचे सगळे कागद ताब्यात घ्यावेत, इंजिनं नीट झाकून जपावीत, जागेवर जाऊन तपासणाऱ्या माणसाकडूनच मूल्यांकन करून घ्यावं आणि काही महिन्यांत लिलाव उरकावा. वसूल होणारा पैसा शेवटी जनतेचाच आहे. तुमच्या पेपरनेही अशा लिलावाची बातमी देताना राखीव किंमत कुणी आणि कशावरून काढली ते विचारून छापावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर