भावा, त्या बेल्जियमच्या रायफलीबद्दल सगळं सांगतो

सॉल्ट लेक सिटी, यूटा
रविवार सकाळ

प्रिय भावा,

परवा रायफलीचा फोटो टाकला तेव्हा तू लिहिलंस "एअरगन घेतलीस का रे", आणि मी नुसता अंगठा पाठवला कारण ते दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतंच. आज घरात सगळे झोपलेत, चहा करून बसलोय, आता सविस्तर लिहितो. तूही चहा घेऊन बस.

एअरगन नाही ती. पॉइंट टू टू आहे, म्हणजे इंचाच्या जेमतेम पाव भागाएवढी बारीक गोळी मारणारी रायफल. एनसीसीच्या कॅम्पात आपण जी गोळी मारली तीच, पॉइंट टू टू लाँग रायफल, १८८७ सालापासूनची गोळी आहे ही आणि अजून जशीच्या तशी चालू आहे. आठवतंय ना, पहाटेचा गारठा, ताडपत्रीवर पालथं पडायचं, कोपरं खड्यांनी सोललेली, आणि अख्ख्या कॅम्पात मिळून वाट्याला पाच राउंड. बोल्ट, म्हणजे मागचा सरकता दांडा, ओढायचा, एक गोळी भरायची, नेम धरायचा, श्वास रोखायचा. माझ्या शर्टच्या बाहीला तो बंदुकीच्या जळक्या दारूचा वास लागला होता तर मी दोन दिवस शर्ट धुवायला टाकला नव्हता, आई ओरडत होती. ते पाच राउंड माझ्या डोक्यातून कधी गेलेच नाहीत. वीस वर्षं झाली असतील.

तर झालं असं की इथून तासाभरावर ऑग्डन म्हणून गाव आहे, तिथलं जुनं रेल्वे स्टेशन आता म्युझियम केलंय, पोरांना इंजिनं दाखवायला नेलं होतं. त्याच इमारतीत बंदुका बनवणाऱ्या जॉन ब्राउनिंगचं म्युझियम निघालं. हा माणूस त्याच गावचा, १८५५ चा जन्म, बाप बंदुका दुरुस्त करणारा, आणि बापाच्याच वर्कशॉपमध्ये हा शिकला. शंभरावर पेटंटं आहेत त्याच्या नावावर. शेवटी १९२६ मध्ये बेल्जियममध्ये गेला, तोही कारखान्यातच, काम करता करता. मी तिथं काचेसमोर उभा राहून वाचत होतो आणि मला आपलं कोल्हापुरातलं उद्यमनगर, ती कारखान्यांची वस्ती, दिसत होतं. खरंच सांगतो. त्या एकेका शेडमध्ये लेथवर वाकलेली माणसं, खाली कीस पडलेला, आणि त्यातला एखादा असा निघतो की त्याचा हात लागला की लोखंड ऐकतं.

त्याचीच ही रायफल. १९१४ पासून बेल्जियममध्ये एफएन नावाच्या बंदुकांच्या कंपनीनं बनवायला घेतली, पुढं १९२२ मध्ये रेमिंग्टन कंपनीनं अमेरिकेत आपल्या नावानं काढली, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून जपानमध्ये मिरोकू कंपनीकडे बनायला लागली. माझी बेल्जियमची आहे, साठच्या दशकातली, बॅरलवर मेड इन बेल्जियम असं लिहिलंय. इथल्या एका जुन्या दुकानात सेकंडहँड मिळाली, साधारण आठशे डॉलर पडले. ग्रीन कार्ड दाखवलं, बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, पोलीस रेकॉर्डचा चेक झाला आणि अर्ध्या तासात हातात. मला ते जरा जास्तच सोपं वाटलं, खोटं नाही बोलत. आपल्याकडं तुझ्या आजोबांना शेतीसंरक्षणाच्या परवान्यासाठी किती खेटे घालायला लागले ते मी बघितलंय, आणि इलेक्शन आलं की ती ठासणीची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. इथं रोज कुठं ना कुठं गोळीबाराची बातमी असते आणि माझी पोरं इथल्याच शाळेत जातात. म्हणून घरी आणायच्या आधी लोखंडी तिजोरी आणली, रायफल एका कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, एक चावी माझ्याकडं एक बायकोकडं. ही तिची अट होती आणि बरोबर होती.

आता ती दिसते कशी ते सांगतो. लहान आहे रे. जेमतेम अडीच किलो. आणि ती मधून दोन तुकड्यात सुटते, पुढच्या लाकडाखाली एक छोटा खटका आहे तो पुढं सरकवायचा, बोल्ट जरासा मागं ओढायचा, आणि पिळ दिला की बॅरल वेगळं, दस्ता वेगळा. दोन्ही तुकडे दीड-पावणेदोन फुटाचे, शाळेच्या दप्तरात मावतील एवढे. दुसरी गंमत म्हणजे गोळ्या दस्त्याच्या पोटात जातात. दस्त्याच्या उजव्या बाजूला लाकडातच एक थेंबाच्या आकाराचं भोक आहे, मागून गोळ्यांची आतली नळी ओढून घ्यायची आणि त्या भोकातून एकेक गोळी सोडायची, टोक पुढं करून. टिक, टिक, टिक असा आवाज येत ती घसरत जाते. दहा-अकरा मावतात. मी पाचच भरतो. एनसीसीचे पाच.

ही रायफल सेमी-ऑटोमॅटिक आहे, आणि सेमी-ऑटोमॅटिक म्हटलं की लोकांना वाटतं धडाधड. तसं नाही, एकदा ट्रिगर एकदा गोळी, फक्त पुढची गोळी ती स्वतः चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलच्या मागच्या घरात, ढकलते. आत काही मोठं यंत्र नाही, गोळी पुढं सुटली की तोच धक्का रिकामं केस, म्हणजे गोळीचं पितळी कवच, मागं ढकलतो, केसच्या मागं बोल्ट आणि बोल्टच्या मागं स्प्रिंग, बोल्टच्या वजनानं आणि स्प्रिंगनं सगळं आवरून धरलेलं. बोल्ट मागं गेला की रिकामं केस खाली पडतं, स्प्रिंगनं पुढं आला की नवीन गोळी घेऊन येतो. बस. आणि या गोळीला रिमफायर का म्हणतात तर पेटणारा मसाला केसच्या मागच्या कडेत भरलेला असतो, पिन मध्यावर न मारता कडेवर मारते. त्यामुळं ते केस पातळ, एकदा मारलं की परत भरता येत नाही. आणि म्हणूनच रिकाम्या रायफलीचा ट्रिगर उगाच ओढायचा नाही, गोळी नसली तर पिन चेंबरच्या काठावर आपटायची भीती असते.

पण मला तुला सांगायचंय ते माझ्या बाबांचं. गेल्या वर्षी बाबा सहा महिने इथं आले होते ना, तेव्हाची गोष्ट.

रायफल घरी आणली तर बॅरल हलत होतं. दुकानात म्हणाले होते एकदम टाइट आहे, आणि मी भोळेपणानं तिथं पिळून बघितलं नाही. शिवाय पुढच्या लाकडाचा खालचा स्क्रू, त्याची खाच कुणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरनं पार चावून ठेवलेली. मी नाराज होऊन गॅरेजमध्ये टेबलावर तुकडे मांडून बसलो होतो आणि बाबा आले. आता इथं कायदा असा की व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसानं बंदूक हातात घ्यायची नाही. मी त्यांना ते सांगितलं. ते एक शब्द बोलले नाहीत, दोन्ही हात मागं बांधले आणि वाकून बघायला लागले. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, समोर असली वस्तू आणि हात मागं. मला म्हणाले चष्मा दे आणि टॉर्च मार. मग "फिरव. अजून जरा. थांब." असं करत त्यांनी मला तो सांधा सगळ्या बाजूंनी दाखवायला लावला.

"हे आटे मधेमधे तोडलेत बघ," म्हणाले, "म्हणून पूर्ण फिरवायला लागत नाही, थोड्याशा पिळात बसतं आणि थोड्याशा पिळात सुटतं." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "हे मशिनवरनं काढून तसंच नाही बसवलेलं. निळा रंग लावून, कुठं टेकतंय बघून, हातानं घासलंय. ज्यानं केलंय त्याला घाई नव्हती." रिसीव्हरवर, म्हणजे मधल्या लोखंडी भागावर, वेलबुट्टी कोरलीय, साधीच आहे, महागड्या मॉडेलवर प्राणी-पक्षी असतात तसलं काही नाही. मी ती दहादा बघितली होती. बाबांनी एकदा बघितली आणि म्हणाले डावीकडची वेल आणि उजवीकडची वेल सारखी नाही. मी नीट बघितलं तर खरंच, उजवीकडच्या एका वळणात छिन्नी जरा जास्त खोल गेलीय. साठ वर्षांपूर्वी बेल्जियममध्ये कुणाचा तरी हात तिथं जरा दाबला गेला आणि ते कोल्हापूरच्या एका टर्नरनं यूटाच्या गॅरेजमध्ये पकडलं. तेव्हापासून मी रायफल काढली की आधी तिथं अंगठा फिरवतो.

स्क्रूचं त्यांनी काय केलं ऐक. म्हणाले "स्क्रूड्रायव्हर खाचेपेक्षा बारीक होता, म्हणून निसटला आणि चावलं. पात खाचेत तळापर्यंत बसली पाहिजे." माझ्याकडं छोटा ग्राइंडर आहे, त्यांनी माझा एक जाडा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि घासायला बसले. जरा टेकवायचा, लगेच पाण्यात बुडवायचा. जरा टेकवायचा, पाण्यात. मी म्हटलं एकदाच घासा की, तर म्हणाले "निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, मग ते पहिल्याच जोराला वाकतं." बाजारातल्या स्क्रूड्रायव्हरची पात टोकाकडं निमुळती असते, त्यांनी दोन्ही बाजू समांतर केल्या. चाळीस मिनिटं लागली एका पातीला. मधेमधे मी जाऊन खाचेत लावून बघायचो आणि येऊन सांगायचो, अजून एक केसभर. शेवटी बसली तेव्हा अशी बसली की रायफल आडवी धरली तरी स्क्रूड्रायव्हर खाचेत अडकून राहिला. स्क्रू एका दाबात निघाला, चरा नाही की काही नाही.

बॅरल हलण्याला तर उपाय त्या ब्राउनिंगनं आधीच करून ठेवलाय. बॅरलच्या मागच्या टोकाला एक दातेरी रिंग आहे, वापरून वापरून सांधा ढिला झाला की ती एकेक घर फिरवायची आणि परत घट्ट. म्हणजे बनवतानाच धरून चाललेत की ही वस्तू झिजेपर्यंत वापरली जाणार. मला एक घर पुरलं. बाबा त्या रिंगकडं बघून नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं ते "हं" तुला माहितीय.

मग पुढच्या शनिवारी गावाबाहेरच्या रेंजवर गेलो. वासॅचच्या डोंगरांवर ताजा बर्फ, ऊन एकदम लखलखीत. बाबा मागं फोल्डिंग खुर्चीत, अंगावर स्वेटर आणि कानटोपी, कानटोपीवरनं कानाचे मफ. मी पहिले पाच मारले. आवाज म्हणजे वाळकी काटकी मोडल्यासारखा, धक्का जवळजवळ नाहीच. आणि तिसऱ्या गोळीला माझ्या डाव्या बाहीत गरम केस शिरलं, कारण या रायफलीची केसं उजवीकडं न उडता सरळ खाली पडतात, बरोबर मनगटावर. त्यासाठी आता बाहीला रबरबँड लावतो.

पंचवीस यार्डांवरचा कागद आणायला गेलो तर चार भोकं दहा रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी आणि पाचवं दोन बोटं वर. कागद घेऊन येतोय तर बाबा लांबूनच म्हणाले, "शेवटची घाईत मारलीस." मी म्हटलं तुम्हाला इथनं भोक दिसलं? म्हणाले, "दिसलं नाही. ऐकलं. चार एका लयीत होत्या, पाचवी लवकर आली."

या रायफलीचं सगळं शिक्षण मला त्या वाक्यात मिळालं. बोल्टच्या रायफलीत हात तुला थांबवतो, गोळी भरायलाच वेळ जातो. इथं थांबवणारं कुणी नाही, पुढची गोळी तयारच असते, थांबायचं तुझं तुला. आता मी मुद्दाम मारली की गाल लाकडावर तसाच ठेवतो, नेम धरायचा पुढचा मणी परत कागदावरच्या काळ्या गोलाखाली येऊन निवांत बसेपर्यंत श्वास सोडतो, आणि मग. पाच गोळ्यांना कधीकधी तीन मिनिटं लागतात. शेजारच्या लेनवर लोक तेवढ्यात गोळ्यांचा डबा रिकामा करतात. त्यांचं त्यांना लखलाभ, मला ही तीन मिनिटं आठवडाभर पुरतात भावा, ऑफिसच्या मीटिंगमध्ये सुद्धा ती लय डोक्यात चालू असते.

स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये ब्राँझ घेतलं तेव्हा मी तुला फोन करून ओरडलो होतो आठवतंय? ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मारायची. तीच ही गोळी! रायफल वेगळी, एकेक भरायची, पण गोळी तीच. आणि तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली ती पण याच गोळीवर. आपल्या जिल्ह्याचं या एवढ्याशा गोळीशी काहीतरी नातं आहे असं मला मनापासून वाटतं. स्वप्नील म्हणजे राधानगरी तालुक्यातलं पोरगं, लय भारी.

बाबा फेब्रुवारीत परत गेले. फोनवर आधी नातवंडांची चौकशी करतात, मग बीपीच्या गोळीचं सांगतात आणि मग विचारतात, "रिंग अजून त्याच घरावर आहे का?" आहे म्हटलं की बरं म्हणतात आणि ठेवतात. तो स्क्रूड्रायव्हर रायफलीच्या केसमध्येच असतो, दुसऱ्या कशालाच वापरत नाही, पोरांना पण सांगून ठेवलंय.

आणि हो, तू मागं म्हणाला होतास की आजोबांच्या बंदुकीच्या घोड्याजवळचा स्क्रू गंजून बसलाय आणि तेल घालायला निघतच नाही. कुणालाही पक्कड लावू देऊ नकोस. पोलीस ठाण्यातनं परत आली की त्या खाचेची रुंदी आणि लांबी कागदावर नीट मोजून घे आणि कागद घेऊन बाबांकडं जा, बंदूक न्यायची गरज नाही. संध्याकाळी पाचनंतर घरीच असतात. स्वतःचा एक जाडा स्क्रूड्रायव्हर घेऊन जा, आणि वेळ काढून जा, कारण ते घासत असताना तू तिथंच बसावंस असं त्यांना वाटणार.

तुझाच