गॅस गीझर बाथरूमच्या बाहेरच हवा

महोदय,

थंडीत, आणि मुंबईत तर धुळवडीच्या दुपारीही, बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे कुणी दगावल्याची बातमी अधूनमधून येते. ती वाचून लोक नळी बदलतात, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघतात आणि निर्धास्त होतात. हे करावंच, पण अशा घटनांत बरेचदा गॅस गळालेलाच नसतो. गळाला असता तर वास आला असता. त्यासाठीच तर वासाचं रसायन गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेलं असतं. इथे गॅस व्यवस्थित जळत असतो, फक्त अपुऱ्या हवेत. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायांतलं बळ जातं आणि कडी हाताशी असूनही काढता येत नाही.

साधा हिशेब करून बघा. मिनिटाला 6 लिटर पाणी तापवणारा गीझर साधारण 12 किलोवॉटचा असतो, म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम पेटवल्यासारखं. तो 10 मिनिटं चालला की ज्वलनालाच सुमारे 2 घनमीटर हवा लागते. आपलं बाथरूम 4 बाय 5 फुटांचं, उंची 8 फूट. त्यात हवा सगळी मिळून साडेचार घनमीटर. काही गीझर 20 मिनिटांनी आपोआप बंद होतात, हे दुकानदार कौतुकाने सांगतो. खिडकी बंद असेल तर तेवढा वेळ पुरून उरतो.

बादली भरेपर्यंत गीझर चालवायचा, बंद करायचा, मग आंघोळ करायची, तेही दार उघडं ठेवून पाणी भरायचं, असं होतं तोवर बरंच निभावत होतं. शॉवर आला, गीझर आंघोळभर चालू राहू लागला. खिडकीच्या उघड्या पट्ट्यांच्या जागी पक्की काच आली. घरातली माणसं ऑफिस-शाळेच्या घाईत एकामागोमाग आत जातात. दुसऱ्याच्या वाट्याला पहिल्याने उरवलेली हवा येते.

मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. फ्लॅटचं काम काढायचं तर आमचा अर्ज वॉटरप्रूफिंगबद्दल विचारतो, डेब्रिजच्या गोणी कुठे ठेवणार ते विचारतो, डिपॉझिट घेतो. गीझरबद्दल एक अवाक्षर नाही. मध्यंतरी एका घरी गळती शोधताना बाथरूमचं पीव्हीसी सीलिंग उघडलं. गीझरचा चंदेरी धुराडं-पाइप सीलिंगमध्ये शिरून तिथेच संपला होता, भिंतीपासून वीतभर अलीकडे. पट्ट्यांच्या मागच्या बाजूला काजळी आणि पाण्याचे थेंब. प्लंबरचं म्हणणं, पाइप बाहेरून बरा दिसत नव्हता. म्हणजे जळलेला वायू छताआडून पुन्हा बाथरूममध्येच उतरत होता.

पाइप डक्टमध्ये, म्हणजे बाथरूमांमागच्या उभ्या पोकळीत, सोडला की झालं, हाही गैरसमज आहे. आपल्या इमारतींचे डक्ट अरुंद, त्यात काही ठिकाणी वरून पत्रा टाकलेला. खालच्या घरचा वायू वरच्या घराच्या खिडकीतून आत येतो. एक्झॉस्ट फॅनचाही भरवसा नको. दार-खिडकी बंद ठेवून तो लावला, तर बाहेर निघालेला वायू धुराड्यातूनच परत आत ओढला जाऊ शकतो.

गीझर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर लावावा आणि गरम पाण्याची लाइन बाथरूमपर्यंत न्यावी. सुरुवातीला थोडं गार पाणी येईल, प्लंबर दोन पैसे जास्त घेईल, एवढंच. धुराडं आधी सरळ वर, मग हलक्या चढाने बाहेर, वळणं कमीत कमी, आणि तोंड कुणाच्याही खिडकीपासून लांब. पाइपच्या गॅसचं कनेक्शन गॅस कंपनीच्या माणसाकडूनच घ्यावं. सिलिंडरवरचा जुना गीझर पाइप गॅसवर तसाच चालत नाही, कारण दोन्हींचे जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं) वेगळे असतात. तरीही जेटचं भोक मोठं करून 'जमवून देणारे' कारागीर आहेत. त्यांना दारात उभं करू नये. ज्योत निळ्याची पिवळी झाली, काजळी धरू लागली, की गीझर बंद ठेवावा.

सोसायट्यांनी दुरुस्तीच्या अर्जात दोनच प्रश्न वाढवावेत: गीझर कुठे लावणार आणि त्याचा पाइप नेमका कुठे उघडणार. काम झाल्यावर कमिटीच्या माणसाने स्वतः जाऊन तो बघावा. चकाचक टाइल्सपुढे हे बघायला कुणाला फुरसत नसते, म्हणून अर्जातच असलेलं बरं. वृत्तपत्रांनीही अशा बातमीत गीझर कुठे बसवला होता आणि खिडकी उघडी होती का, हे छापावं.

कुणी बाथरूममध्ये बेशुद्ध आढळलं तर दार-खिडक्या उघडून, गॅस बंद करून आधी त्याला मोकळ्या हवेत आणावं आणि डॉक्टरांना 'गॅस गीझर चालू होता' हे लगेच सांगावं. कोविडपासून घराघरांत असलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून आकडा चांगला दिसला, तरी हॉस्पिटलला न्यायचं थांबवू नये. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजन असलेलं रक्त यातला फरक त्या यंत्राला कळत नाही.

– एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई