सूचना : रविवारची बैठक (पन्नाशीपुढच्या मित्रांसाठी)

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ११ वाजता वरुडला, नेहमीच्या संत्रा बागेत जमू. कापूस वेचणी चालू आहे, ठाऊक आहे; उशिरा का होईना, या.

विषय एकच : आपल्यामागं जोडीदाराचं काय? समलिंगी जोडीदारासोबत बँकेत जॉइंट खातं काढता येतं, त्याला नॉमिनीही करता येतं, हे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. पण लग्नाला मान्यता नाही. त्यामुळे मृत्युपत्र नसेल तर वावर भावकीकडेच जाणार. भावकी कशी असते, ते काय सांगावं!

– पासबुक, आधार आणि असेल तर सातबारा सोबत ठेवा.
– फोटो काढायचा नाही, कुणाचं नाव बाहेर जाता कामा नये. घरी ‘भजनी मंडळ’ सांगितलं असेल, तर तेच चालू द्या.
– पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, कार्ड विसरू नका.
– भाकरी आपापली, ठेचा माझ्याकडे.