गोचीड पाळायला कायमची माणसं द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सादर नमस्कार.

२०२२ मध्ये लम्पीने राज्यातले जनावरांचे बाजार बंद पाडले. हा रोग नेमका कोण पसरवतो, डास की माशी, हे इंग्लंडच्या पिरब्राइट संस्थेने तपासलं, कारण प्रयोगशाळेत वाढवलेले डास, चावऱ्या माश्या आणि चिलटं त्यांच्या हाताशी होती. त्यांनी वापरलेली चिलटं युरोपातली. आपल्या गोठ्यातल्या चिलटांबद्दल बोलायचं तर तीच पाळायला हवीत.

माझा खरा आग्रह मात्र गोचिडासाठी आहे. संकरित गाय गोचीड तापाने गेली की दूधवाल्याचं घर बसतं. शेतकरी डेल्टामेथ्रिन फवारतो आणि आठवड्यात कासेजवळ, कानात गोचीड पुन्हा हजर. औषध पाण्यात चुकीचं मिसळलं, की गोचीडच त्याला दाद देत नाही? हे ठरवायला ज्याच्या पिढ्यांनी ते औषध कधी पाहिलेलंच नाही, असा गोचिडाचा वंश तुलनेला लागतो. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने तो जपला आहे. गरज पडल्यावर धावाधाव करून असा वंश उभा राहत नाही.

रक्त पिऊन एरंडीच्या बीसारखी टम्म फुगलेली मादी काचेच्या नळीत ठेवतात, तोंडाला मलमल बांधतात. साधारण २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत ती दोन-तीन हजार अंडी घालते नि मरते. हवा कोरडी पडली की अंडी सुकलीच. गोचीड तापाचा जंतू तो पसरवणाऱ्या हायलोमा जातीच्या गोचिडाच्या अंड्यातून पुढच्या पिढीत उतरत नाही, म्हणून नळीत जन्मलेलं पिल्लू या जंतूपासून मुक्त असतं. गाईच्या अंगावरून वेचलेल्या गोचिडाबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही, आणि लस किंवा औषध तपासताना सगळं याच खात्रीवर उभं असतं.

हे काम दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पावर चालत नाही, साहेब. निधी संपतो, कंत्राटी मुलगा दुसरीकडे जातो आणि वंश तुटतो.

शिरवळ, परभणी किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक कायमचं कीटकगृह द्या. दुहेरी दारं, जनरेटर, आणि रक्त पाजण्यासाठी ठेवलेल्या सशा-वासरांची नीट निगा हवी. इमारत साधी चालेल. दोन तंत्रज्ञांची पदं मात्र मंजूर, कायम आणि भरलेली असू द्या.

आपला,
एक पशुवैद्यक