आज फुलीच आहे

आदरणीय डॉक्टरसाहेब,

चार वर्षं आईच्या चिठ्ठीवर एकच ओळ फिरत होती: अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम, रात्री एक. ऑपरेशननंतर पंधरा दिवसांसाठी सुरू झालेली झोपेची गोळी. पुढे ज्यानं ज्यानं चिठ्ठी हातात घेतली, त्यानं तीच ओळ उतरवली आणि "चालू ठेवा" म्हटलं. ही गोळी शेड्यूल एच-१ मधली, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीतली. दुकानदारानं चिठ्ठी पाहूनच द्यायची, वेगळ्या वहीत पेशंटचं नाव नि गोळ्यांची संख्या लिहायची, वही तीन वर्षं जपायची. तरी आम्हाला ती मागितली की मिळायची. त्या सगळ्यांवरचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही आधी विचारलंत, "रात्री लघवीला किती वेळा उठता? भिंत धरावी लागते का?" झोपेची तक्रार घेऊन आलेल्या बाईला हे आजवर कुणीच विचारलं नव्हतं. हे औषध तरुण माणसाच्या रक्तात निम्म्यावर यायला साधारण ११ तास लागतात, म्हाताऱ्या माणसाला १६ च्या आसपास. म्हणजे पहाटे चारला संडासाकडे निघालेल्या पायांत ते असतंच. सकाळचं जडपण, नावं विसरणं, तोल जाणं, हे सगळं आम्ही वयाच्या खात्यावर टाकत होतो. संध्याकाळी घेतली जाणारी लघवीची गोळी तुम्ही सकाळी नेलीत, तेवढ्यानंच रात्रीच्या फेऱ्या कमी झाल्या.

मग गोळी हळूहळू सोडवायला ०.५ वरून ०.३७५, म्हणजे ०.२५ ची एक अख्खी आणि एक अर्धी. दोन-तीन आठवडे थांबून पुढची पायरी, शेवटच्या पायऱ्या त्याहून सावकाश. एकदम बंद केली तर कंप, घबराट, क्वचित फिटसुद्धा येते, हे तुम्ही दोनदा बजावलंत.

पण खरे आभार त्या फुल्यांचे. टेबलावरच्या कॅलेंडरची पानं काढून तुम्ही प्रत्येक पायरीच्या पहिल्या चार-पाच रात्रींवर पेन्सिलनं फुल्या मारल्यात. "आजी, या रात्री झोप कमीच लागेल. आजार उलटला असं समजू नका, शरीर गोळीवाचून झोपायला शिकतंय. वरची गोळी घ्यायची नाही." बहुतेकांचं घोडं इथंच पेंड खातं. डोस उतरवला की चार रात्री तळमळ होते, घरचे म्हणतात, "बघा, हिला गोळीशिवाय झोपच नाही," आणि पुन्हा अख्खी गोळी सुरू. आई मात्र दोनला उठून ते पान बघायची, "आज फुलीच आहे" म्हणायची आणि बाहेरच्या खोलीत वाती वळत बसायची. डोळे जड झाले की मगच अंथरुणावर. रात्र कशीही गेली तरी सहाला उठायचं, दुपारी अर्ध्या तासावर लवंडायचं नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतंत.

बाहेर एवढी रांग असताना तुम्ही पेन्सिल शोधत होतात. असं थांबणारं माणूस भेटलं की औषधाआधीच निम्मी भीती जाते.

शेवटच्या पानावर तुम्ही एकही फुली मारली नव्हती. आई आता साडेपाच तास झोपते. "पुरते मला," म्हणते.

तुमची ऋणी,
आजींची मुलगी