सीडी४ मोजायला मुंबईच कशाला? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सादर नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाचं रक्त गेल्या वर्षापासून माझ्या पेशी तयार करतायत. त्याला ब्लड कॅन्सर, बोन मॅरो ट्रान्सप्लांटची डोनर मी. अठराव्या दिवशी त्याचे न्यूट्रोफिल (जंतूंशी पहिल्यांदा लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मायक्रोलिटरमागे ५०० च्या वर गेले आणि आईनं तिथूनच देवाला नारळ बोलला. घाई झाली. न्यूट्रोफिल लवकर येतात. लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी), त्यातही प्रतिकारशक्तीची सूत्रं हलवणाऱ्या सीडी४ पेशी, सावरायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं, आणि तोवर साधी नागीणसुद्धा जिवावर बेतू शकते.

या पेशींचा आकडा शोभेचा नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं २००१ मध्येच दाखवलं होतं, की स्वतःच्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) दिलेल्या मायलोमा आणि लिम्फोमा या कॅन्सरच्या रुग्णांत पंधराव्या दिवशी लिम्फोसाइट ५०० च्या वर असले, तर ते जास्त जगतात. दात्याच्या पेशी घेतलेल्या मुलांत पहिल्या शंभर दिवसांत सीडी४ ५० च्या पुढे गेले, तर मृत्यू कमी होतात. पेशी वाढल्या म्हणून माणूस तगला, की तो सावरत होता म्हणून पेशी वाढल्या, हे यावरून ठरत नाही, मान्य. पण सेप्ट्रान (संसर्ग टाळायची गोळी) कधी थांबवायची, लस कधी द्यायची, हे ठरवताना डॉक्टर सीडी४चाच आकडा मागतात.

आणि तो काढायला आम्ही मुंबईला जातो. प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलाला मास्क लावून, भरलेल्या एसटीतून, त्याची प्रतिकारशक्ती मोजायला! आमच्या सिव्हिलच्या एआरटी केंद्रात (जिथं एचआयव्हीचे उपचार होतात) सीडी४ मोजण्याचं यंत्र आहे. तिथं सांगितलं, "हे फक्त एचआयव्हीच्या पेशंटसाठी." त्या कर्मचाऱ्याचा दोष नाही. यंत्र आणि किट केंद्र सरकारच्या एड्स कार्यक्रमातून येतात, हिशेब त्यालाच द्यावा लागतो. एचआयव्ही रुग्णांचा नंबर आधीच राहू दे, त्यांच्या वाट्याचं काही नको. पण आमच्यासारख्यांची किट राज्यानं वेगळी घेतली आणि नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) परवानगी मिळवली, तर तेच यंत्र दोघांना पुरेल. एका जिल्ह्यात ट्रान्सप्लांट झालेले असे असतात तरी किती?

दुसरं मागणं जवळजवळ फुकटाचं आहे. सरकारी लॅबच्या सीबीसीवर (रक्तपेशींच्या मोजणीच्या रिपोर्टवर) लिम्फोसाइट नुसते टक्क्यांत छापून येतात. भावाच्या रिपोर्टवर १२ टक्के होते. एकूण पांढऱ्या पेशी २,४००, म्हणजे प्रत्यक्षात २८८. हा गुणाकार मी वहीत करते. तो रिपोर्टवर छापून यावा, एवढं एक परिपत्रक काढा.

वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं तुमच्या खात्यात येत नाहीत, हे ठाऊक आहे. जिल्हा रुग्णालयं येतात. सुरुवात तिथून करा. भावाची पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे.

आपली,
एक डोनर बहीण